माहुलच्या कोळणीचं दीड पानी भाषण

मला सवय चळवळीची पत्रकं लिहायची. माहुलच्या हवेवर, देवनारच्या धुरावर. पत्रकात एक सोय असते: आपण बोलतो, समोरचा गप्प असतो. ती सोय घेऊनच मी सिनेमात आले, हे तेव्हा कळलं नव्हतं.

अंधेरीत ऑफिस असलेल्या एका दिग्दर्शक मित्राने मला एका कथेची पटकथा करायला दिली. कथा मुलुंडच्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलेली. बाजारात मासे विकणाऱ्या माहुलच्या कोळणीकडे साहेब जागा खाली करायची नोटीस घेऊन येतो. ती एवढंच म्हणते, "बाजूला व्हा, गिऱ्हाईक येतंय." संपली कथा. माझं डोकंच फिरलं. घर जाणार, होडी लावायची जागा जाणार, आणि बाई गप्प? मी तिला दीड पानी भाषण दिलं.

आमच्याकडे पटकथा आधी वाचून, करून दाखवावी लागते. नॅरेशन म्हणतात त्याला. मी उभी राहून भाषण ठोकलं. मित्र म्हणाला, झकास, फक्त कथा लिहिणाऱ्या बाईंची सही आण. त्यांना बदल मान्य नसले तर कथेचे हक्क मिळणार नव्हते, आणि माझा पहिला सिनेमा तिथेच संपणार होता.

मुलुंडला बाईंच्या हॉलमध्येही मी तसंच ठोकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही बोलतेय तोवर गिऱ्हाईकं काय करतायत गं?"

मी पानं उलटली. गिऱ्हाईकं नव्हतीच. बाजार होता, टोपल्या होत्या, आणि भर सकाळी, बर्फ वितळत असताना, सगळे माझ्या कोळणीकडे तोंड करून उभे होते, मोर्चात राहतात तसे. बाईंनी सही केली नाही. आधी गिऱ्हाईकं आण म्हणाल्या.

चिडून आणली. एकीला कोलंबी सोलून हवी, एक जण सुरमईचा भाव पाडतोय. कोळीण तोंड उघडते की कुणीतरी मध्ये येतंच. भाषण चार ओळींवर आलं. त्या पानावर बाईंनी सही केली, चहाही दिला. मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

मित्राने ते वाचलं. "वाट लावलीस यार. कोळीण लढतच नाहीये, मासे विकतेय." शूटिंगला जुनं भाषण घालू, बाईंना कुठे कळतंय, असंही म्हणाला.

"सही ह्या पानावर आहे," मी म्हटलं. "भाषण आलं तर माझं नाव काढ."

तो हसला. तुझ्याच भाषणावर उठलीस की, म्हणाला.

खोटं नव्हतं त्याचं. लोक गप्प बसतात म्हणून त्यांना हाकलता येतं, हे मी पत्रकात लिहिलंय आणि आजही मानते. मग एका कोळणीने कमी बोलावं म्हणून मी का भांडत होते? बाईंना फसवायचं नव्हतं म्हणून? की पान खरंच सुधारलं होतं? की मी नुसती नरमले होते? अजून ठरत नाही. त्याच्यासमोरच मी सहीच्या त्या पानाचा फोटो बाईंना पाठवून दिला, म्हणजे नंतर त्याला ते बदलता येऊ नये. आणि मलाही.