कुणी म्हणालं नुरा

ये पोरी, अशी जवळ बस. चार-चार वर्षं फिरकायचं नाही, आणि आल्या आल्या विचारायचं, "आत्या, पप्पा गावाला का येत नाहीत?" हे काय बरं नव्हं. तुझ्या बापानं नाही सांगितलं, तर मी सांगते.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. तुझा बाप माधवनगरला गिरणीत होता. गिरणीची सायकलवाल्यांची टीम होती, चौघांची. सायकल गिरणीची, पायातले बूटसुद्धा गिरणीचे. चौघांत जिंकायला नेमलेला एकच, मॅनेजरचा भाचा. बाकीच्यांनी पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, त्यानं मागं दम राखायचा, आणि शेवटाला त्याला वाट द्यायची. टीमचा खेळ असाच असतो. पण आमचं गाव तालमीचं. आम्हाला काय ठाऊक?

सातारा ते सांगली शर्यत लागली. आमचा फाटा त्याच रस्त्यावर. सगळं गाव तिथं उभं. बघतो तर तुझा बाप सगळ्यांच्या पुढं. मान खाली, पाठीवर घामाचं मीठ फुटलेलं. आमचे आबा एके काळचे पैलवान, त्यांनी भर रस्त्यात शड्डू ठोकला. आईनं तिथंच गूळ वाटला. हलगीवाल्याला सांगावा गेला.

दिवस मावळायला तो एसटीतनं उतरला. गळ्यात हार नाही.

"कितवा?" आबांनी विचारलं.

"अकरावा. पर टीम जिंकली, आबा."

"फाट्यावर पुढं कोण हुतं?"

"मीच की. त्याच्यासाठी वारा तोडत हुतो."

"म्हंजे ताकद असून पाठ टेकलीस."

पारावरनं एकजण हसला. "आवं, नुरा झाली म्हणा की. केवढ्याला दिलीस रं गड्या पाठ?"

ठरवून हरायच्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात. पैलवानाच्या घरावर तो डाग लय वाईट. तो समजावत राहिला, आबांनी हलगीवाल्याला परत धाडलं आणि आत निघून गेले. त्यानंतर बापलेकांत बोलणं असं झालंच नाही.

पेपरात भाच्याचा फोटो आला. तुझ्या बापाचं नुसतं कोपर दिसत होतं. भाच्यानं एकदा गावात येऊन चार शब्द सांगितले असते तर? नाही आला. वर्षाच्या आत तुझ्या बापानं गिरणी सोडली आणि विट्याच्या एकाबरोबर सोनं आटवायच्या दुकानात लांब मुलखात गेला. आबा गेले तेव्हा आला, अग्नी दिला, दुसऱ्या दिवशी परत.

काल तू मोबाईलवर परदेशातली शर्यत दाखवलीस. जिंकलेला पोरगा उतरला आणि आधी त्याच्यासाठी वारा अंगावर घेणाऱ्याच्या गळ्यात पडला. मला जेवण गेलं नाही बघ. आबांना कोण दाखवणार आता हे?

पारावरचे ते हसणारेही आता कुणी उरले नाहीत. एवढं सांग त्याला. फाट्यावरनं यायची लाज वाटत असेल तर मळ्याच्या वाटेनं आण. पण घेऊन ये, आणि लवकर ये.