गोविंदच्या गाडीचा रेडिएटर

मे महिन्यातला मंगळवार, सकाळचे ०७:१०. ठिकाण सास्तूरजवळचं आमचं गाव. हजर दोघं: मी, सैन्याची वाहनं दुरुस्त करणाऱ्या कोरचा हवालदार, तेव्हा रजेवर, आणि पिकअपचा मालक बबन.

आमच्या गावचा गोविंद, सैन्यात नाईक हुद्द्यावरचा ड्रायव्हर, डोंगरातल्या रस्त्यावर दरड कोसळून शहीद झाला होता. पार्थिव सैन्याच्या ट्रकमधून येत होतं. ओढ्यावरचा पूल खचल्यानं जड वाहनं बंद होती. पुलापासून गावापर्यंत साडेतीन किलोमीटर बबनच्या पिकअपमधून न्यायचं ठरलं. गोविंद रजेवर आला की हीच गाडी चालवायचा, म्हणून त्याच्या वडिलांनी, शंकरतात्यांनी, हीच मागितली होती.

गाडीला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. खाली पाणी गळत होतं. बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या तोंडाशी पिवळा चिखल.

"बबन, हे काय?"

"हळद हाय अण्णा. गळती थांबती. समदेच टाकतेत."

"किती टाकलीस?"

"मूठभर. दर आठवड्याला."

"रेडिएटर हाय का कालवण?"

हळदीनं भोक बुजतं, तशा आतल्या बारीक नळ्याही बुजतात. वेगात वारा लागतो, भागून जातं. अंत्ययात्रा माणसाच्या चालीनं जाते. त्या उन्हात ही गाडी एक किलोमीटरही गेली नसती.

०७:२५. पार्थिवासोबतच्या सुभेदार साहेबांना फोन केला.

"साहेब, गाडीचा रेडिएटर बदलतोय."

"वेळ?"

"दहाला पुलावर."

"आम्ही दहालाच पोहोचतोय. उशीर नको."

"जी साहेब."

चौकात त्याच मॉडेलची पिकअप गिअरबॉक्स उतरवून उभी होती. मालकाला विचारून तिचा रेडिएटर काढला. चाळीस मिनिटं. मग बबनच्या गाडीचं पाणी सोडलं. फॅनचं कव्हर, वरचा-खालचा होज पाईप, चार बोल्ट. ०८:३५ ला जुना रेडिएटर बाहेर. इंजिनातही हळद होती. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, पाच वेळा. दुसरा रेडिएटर बसवला, पाणी भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, अडकलेली हवा काढली.

०९:२०. खालच्या होजमधून थेंब.

"अण्णा, हळद आणू का?"

"पाना आण." बबन पाना घेऊन आला. क्लिप बदलली. थेंब थांबला. ०९:४० ला निघालो.

दहाला पुलावर मी वर्दीत होतो, हात मात्र काळे. बबननं चावी माझ्या हातात दिली. "तुमीच चालवा. इतक्या हळू मला जमायचं न्हाय."

पहिला गिअर, एक तास वीस मिनिटं. तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत मी रणगाड्यांची इंजिनंही उतरवली. अभिमानाचं काम कोणी विचारलं तर हेच सांगतो.

सलामी झाली. तात्या माझ्याजवळ आले.

"हवालदार, लेकरू वाटंत कुठं थांबलं न्हाय."

"न्हाय तात्या."

नाईक गोविंद. वय एकतीस, सेवा अकरा वर्षं. दरड सुटलेली दिसताच त्यानं आपली गाडी रस्त्यात आडवी घातली आणि मागच्या सहा गाड्या थांबवल्या. त्या गाड्यांमधले एकवीस जण घरी परतले.