न सांगण्याची प्रार्थना

व्हर्लीन टब्ज अमेरिकेत मेम्फिसमध्ये शाळेची पिवळी बस चालवायची. साठ पोरांच्या कलकलाटात तिचा एक शब्द पुरायचा. चर्चमध्ये मात्र सहा वर्षं ती दर रविवारी उभी राहून "न सांगण्याची प्रार्थना आहे," एवढंच म्हणायची आणि खाली बसायची. आमच्याकडे, काळ्या लोकांच्या चर्चमध्ये, हे चालतं. कारण सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही, सगळ्यांनी मिळून देवाकडे मागायचं. खोदून विचारायला ती काय चावडी आहे?

तिचा मुलगा मार्लन सहा वर्षांपूर्वी, सत्ताविसाव्या वर्षी गेला. "हार्ट," असं तिने सगळ्यांना सांगितलं. त्याने स्वतःच जीव दिला होता. तिची आई मदर हॅटी चौऱ्याऐंशी वर्षांची, चर्चने मानाने 'मदर' म्हटलेली, रविवारी पांढऱ्या कपड्यांत पहिल्या बाकावर बसणारी. असं मेलेल्याला देव दारात उभा करत नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. आईच्या कानावर हे जाऊ नये, म्हणून व्हर्लीनने तोंडाला कुलूप घातलं होतं.

एक दिवस हिरव्या दिव्याला तिने बस थांबवली आणि पुढे नेलीच नाही. मागे हॉर्न, आत पोरांची बोंबाबोंब. शाळेने तिला समुपदेशकाकडे पाठवलं. पंचविशीची गोरी मुलगी हसून म्हणाली, "व्हर्लीन, एक ते दहामध्ये सांग, आज कसं वाटतंय?"

"कालची पोर, आणि मला नुसत्या नावाने हाक मारते! शून्य सांगितलं आणि उठले," व्हर्लीनने अर्नेस्टीनला सांगितलं.

अर्नेस्टीन ही तिची चाळीस वर्षांची मैत्रीण, चर्चच्या गायनात उंच सूर लावणारी. दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मनाच्या डॉक्टर ताबिथा आमच्यातल्या बायकांना मन मोकळं करायला गोल करून बसवायच्या. अर्नेस्टीन तिथे आधीपासून जायची.

"चल गं. डॉक्टरीण आपल्यातलीच आहे. चिकनपण असतं."

"कोणी केलेलं?"

"विकतचं."

"मग बरं व्हायला जायचं की आजारी पडायला?"

पण गेली. डॉक्टर ताबिथा दारात उठून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "या, मिस व्हर्लीन." आमच्याकडे थोरल्या बाईच्या नावाआधी मानाने 'मिस' लावतात. अर्धं दुखणं तिथेच उतरलं. नंतर त्यांनी पाण्याचा तांब्या फिरवला. आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, कुंडीत थोडं पाणी ओतायचं, बाकीच्यांनी "आशे", म्हणजे तथास्तु, म्हणायचं. नियम एकच, इथलं इथेच.

चौथ्या गुरुवारी तांब्या व्हर्लीनच्या हातात आला. "मार्लन," ती म्हणाली, आणि पाणी ओतता ओतता पुढचंही आलं, "हार्ट नव्हतं. त्याने स्वतःच..."

कोणी दचकलं नाही, कोणी देवाचं नाव घेऊन तिला दटावलं नाही. "आशे," सगळ्या म्हणाल्या. त्या आठवड्यात ती सहा वर्षांत पहिल्यांदा गजर होईपर्यंत झोपली.

आणि मग रविवार आला. व्हर्लीन नेहमीसारखी उभी राहिली, नेहमीचं बोलली. ती बसते न बसते तोच मागून अर्नेस्टीन उठली. हात वर, डोळ्यांतून धारा.

"पुरे झालं न सांगणं! देवा, या आईला बळ दे. मार्लनने स्वतःचा जीव घेतला, त्याला पदरात घे. नाव घ्या सगळे! मार्लन!"

चर्चभर बायकांच्या हातातले पंखे हलायचे थांबले. कोणीही नाव घेतलं नाही.

अर्नेस्टीनचं मन साफ होतं, हे मी शपथेवर सांगेन. गुरुवारी जे औषध लागू पडलं ते रविवारीही पडेल, असं त्या बाईला वाटलं. पण साफ मनाने विश्वासघात केला म्हणून तो काही कमी होत नाही. मला तर तिचा अजून राग येतो.

बाहेर गाड्यांपाशी तिने व्हर्लीनचा हात धरला. "तुला मोकळं करायचं होतं गं."

"माझं लेकरू, माझं तोंड. तू कोण?"

"तिथे तर सगळ्यांसमोर तूच..."

"तिथे मी बोलले, अर्नेस्टीन. मी! चाळीस वर्षं तुला घरात घेतलं, आणि तू माझ्या आईसमोर?"

ती हात सोडवून गाडीकडे धावली. मदर हॅटी पुढच्या सीटवर बसली होती, टोपीही न काढता.

"ममा, मी तुला सांगणारच होते."

"मला ठाऊक होतं," म्हातारी समोर बघत म्हणाली. "तो गेला त्या सकाळी पोराचा मला फोन आला होता. 'बिग ममा, माझ्यासाठी न सांगण्याची प्रार्थना कर.' मी केली. कशासाठी रे, असं विचारलं नाही. दुपारी तू हार्ट म्हणालीस, तेव्हाच समजले."

स्टिअरिंगपुढे बसलेल्या व्हर्लीनने किल्ली मांडीवर ठेवली.

"सहा वर्षं वाट पाहिली, तू येशील, मग आपण दोघी मिळून रडू. तू अजून लहान आहेस, तुला जड जात असेल, म्हणून गप्प राहिले. माझ्याआधी कोणाला सांगितलंस?"

"तिथल्या बायकांना. नऊजणी असतील."

"नावं माहीत आहेत त्यांची?"

व्हर्लीनने आठवून पाहिलं. तिला चौघींचीच आठवली.