हनुवटीखालचा हात

नंदिताचा डावा हात तिच्या ताब्यात राहिलेला नव्हता. अमला जेवायला बसली की तो आपोआप तिच्या हनुवटीखाली जाऊन पसरायचा. उजव्या हाताने भरवायचं आणि डाव्याने झेलायचं, अशी वर्षानुवर्षांची कामाची वाटणी झालेली होती. नऊ वर्षांच्या अमलाला दहीभात चाले, सांबारात भिजून पार गळून गेलेली इडली चाले. बाकी जे काही कोरडं, कुरकुरीत, टाळूला चिकटणारं असेल ते जिभेला लागायचा अवकाश, तिची एक भुवई वर चढे आणि घास थेट आईच्या तळहातावर येई. तो नंदिता आपल्या तोंडात टाकायची. अन्न टाकून दिलेलं तिने माहेरी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता तर विचार करायचीही गरज उरली नव्हती. मग अमला आईच्या ओठांवर एक बोट दाबून खात्री करून घ्यायची.

“अस्कं संपलं?” नंदिता विचारायची. तंजावरच्या मराठीत सगळ्याला अस्कं म्हणतात.

“संपलं,” अमला म्हणायची. तिच्याजवळ शब्द मोजकेच. त्यातला हा सगळ्यात ठणठणीत.

नंदिता राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरातली मुलगी. कॉलेजात तिला सवरिराज भेटला. तो तमिळ, कॅथलिक, आता ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत कारकून. लग्नाआधी तिने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नवऱ्यासाठी पोरीने देव बदलला असं गल्लीत बोललं गेलं. ते अर्धंच खरं होतं. नवऱ्यासाठी ती चर्चमध्ये शिरली, पण तिथे रमली ती ओस्तीमुळे. ओस्ती म्हणजे गव्हाच्या पिठाची पातळ पांढरी चकती, अळणी, कागदासारखी. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरनी ती उचलून प्रार्थना म्हटली की ती ख्रिस्ताचं शरीर होते आणि माणसांच्या जिभेवर ठेवली जाते. ज्या घरात रोज देवाला नैवेद्य दाखवतात त्या घरातल्या मुलीला, देवच नैवेद्य होऊन आपल्या तोंडाशी येतो हे पाहून काय वाटलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. पहिल्यांदा ओस्ती घेतली त्या दिवशी ती बाकावर बसून वेड्यासारखी हसत होती, एवढं सवरिराज अजून सांगतो.

मग अमला झाली. तिसरं वर्ष लागेपर्यंत आलेले शब्दही एकेक करून गेले. तिरुचीच्या डॉक्टरांनी ऑटिझम हे नाव सांगितलं आणि नाव कळल्याने काही सोपं झालं नाही. चर्चमधला कीबोर्ड आणि ध्वनिक्षेपक सुरू झाला की अमला कान झाकून किंचाळायची. त्यामुळे रविवारची मिस्सा नंदिताच्या वाट्याला यायची ती बाहेरून, आवारातल्या कडुनिंबाखालून, पोरीचं नाक पुसता पुसता.

एकदा तिने अमलाला सासूकडे, लूर्दम्माळकडे, सोपवलं आणि ओस्ती घ्यायला धावत आत गेली. परत आली तेव्हा चकती जिभेवर विरघळतच होती. आईचं तोंड हलताना पाहून अमलाने आपलं तोंड उघडलं. मिनतवाऱ्या केल्याशिवाय कधी ओठ न उघडणारी पोर झाडाखाली आ करून उभी राहिली, आणि नंदितापाशी द्यायला काही नव्हतं. घरी जाताना स्कूटरवर तिने मनाशी ठरवून टाकलं: आधी हिला, मग मला. लेकरू उपाशी असताना आपण जेवायचं नाही.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. तेव्हापासून चार वर्षं तिने ओस्ती घेतलेली नव्हती.

उपास कुणाचाही असो, अंगावर निघतोच. पहिल्या वर्षी ती रडायची, दुसऱ्या वर्षी भांडायची, आणि मग तिचं देवाशी बोलणंच थांबलं. माळ हातात घेतली की झोप यायची. दिवस भरवण्यात, पुसण्यात, धुण्यात जायचा आणि देव आत चर्चमध्ये, ज्यांची पोरं गप्प बसतात त्यांच्यासोबत आहे, असं तिच्या मनाने घेतलं. लूर्दम्माळला सुनेचं हे ओस्ती टाळणं दिसत होतंच. “रक्त राजवाड्याकडचं ना,” ती शेजारणीला तमिळमध्ये म्हणायची, नंदिताला नीट ऐकू जाईल इतक्या हळू.

यंदा मे महिन्यात अमलाच्या वयाच्या मुलांचं पुदुनन्मै ठरलं. पुदुनन्मै म्हणजे पहिल्यांदा ओस्ती घेण्याचा सोहळा. पांढरे झगे, मेणबत्त्या, फोटो, बिर्याणी. नंदिता फादर अडैक्कलम यांच्याकडे गेली. फादर तरुण, मनाने चांगले, पण कायम मोटरसायकलवर बसायच्या बेतात असल्यासारखे.

“अशी मुलं देवाचीच असतात, अम्मा,” ते म्हणाले. “तिला याची गरज नाही. तुम्ही जिवाला का लावून घेता?”

“पोर जेवायला मागत नाही म्हणून तिला वाढायचंच नाही का, फादर?”

फादर म्हणाले, “तिने ती गिळली पाहिजे. सगळ्यांसमोर थुंकली तर मी काय करू? सरावाच्या चकत्या देतो. जमलं तर आणा.”

सरावाच्या चकत्या म्हणजे प्रार्थना न झालेल्या. नुसतं पीठ. नंदिता रोज दुपारी मायलेकींचा वर्ग भरवू लागली. “उघड तोंड, राजा. भिऊं नको.” कोरडी चकती तळहातावर आली. पाण्यात बुडवलेली आली. चतकोर तुकडा आला. शेवटी तिने तो दहीभाताच्या घासात लपवला, तर अमलाने भात गिळला आणि तेवढा तुकडा जिभेच्या टोकावर आणून बाहेर ठेवला. आता यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं? नंदिताने दोन्ही केलं.

एके दुपारी असाच थुंकलेला एक तुकडा तिच्या हातून निसटून खाटेखाली गेला. लूर्दम्माळ झाडू घेऊन वाकली आणि तिला तो दिसला. नंदिता स्वयंपाकघरातून आली, तर म्हातारी फरशीवर गुडघे टेकून होती. खुर्चीवरून उठायला दोन माणसं लागणारी बाई. पदर डोक्यावर, ओठ पुटपुटत, आणि तो धूळ लागलेला, उष्टा तुकडा तिने दोन्ही हातांनी उचलून तोंडात घातला.

“अत्तै, थांबा, ती साधी आहे! सरावाची आहे!”

लूर्दम्माळने वर पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ते तसेच रागाने पेटले. “मला काय ठाऊक? मी माझा देव जमिनीवर पडलाय म्हणून उचलला. आणि तू दह्यात कालवून खेळ मांडलायस!” उठताना तिने खाटेचा आधार घेतला, नंदिताचा हात धरला नाही. रात्री मुलाला बजावलं, “सांग तुझ्या बायकोला. भर देवळात पोर ते थुंकणार आणि आपण खाली माना घालून घरी येणार. मी तर येणारच नाही.”

सवरिराजने बायकोला तसं सांगितलं नाही, पण आईलाही काही म्हटलं नाही. असल्या वेळी गप्प बसण्यात त्याचा हातखंडा होता.

आदल्या संध्याकाळी आईबापांचं पापनिवेदन होतं. जाळीपलीकडच्या फादरना नंदिताने पहिल्यांदाच तो चार वर्षांचा हट्ट सांगितला. फादर म्हणाले, “देवापुढे उपाशी बसून त्याला वाकवता येत नाही, अम्मा. उद्या तिचं काहीही होवो, तुम्ही घ्या.”

“तिच्याआधी नाही जमायचं, फादर.”

बाकीच्या पापांची क्षमा झाली. हट्टाचं काय झालं ते फादरनाच ठाऊक.

रविवारी अमलाच्या झग्याची टोचणारी लेस नंदिताने उसवून टाकली आणि तिच्या कानांत कापूस घातला. फादरनी कीबोर्ड हळू वाजवायला सांगितला होता. एवढं मात्र त्यांनी आठवणीने केलं. मागच्या बाकावर, खांबाआड, येणार नाही म्हणणारी लूर्दम्माळ बसलेली नंदिताला दिसली. मुलं रांगेने निघाली. मुलांचं गाणं नंदिताला ऐकूच येईना. देवा, एवढं एक गिळू दे तिला, मग माझ्याशी कधी बोलला नाहीस तरी चालेल, असं ती मनात म्हणाली. किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

फादरनी ओस्तीचा नखाएवढा तुकडा मोडला. “ख्रिस्ताचं शरीर,” ते तमिळमध्ये म्हणाले. नंदिताने आपलं तोंड उघडून दाखवलं, तसं अमलाने उघडलं. तुकडा आत गेला. ओठ मिटले.

चर्चमध्ये इतकी शांतता झाली की पंख्यांची घरघर ऐकू आली. मदतनीस मुलीने हनुवटीखाली धरलेली तबकडी पुढच्या मुलाकडे सरकवली. फादरनी सुटकेचा श्वास सोडला.

आणि अमलाची भुवई वर चढली.

तबकडी मागे यायच्या आत नंदिताचा डावा हात तिथे होता. ओला, पांढरा, मऊ पडलेला कण तळहातावर आला. मागे कुणीतरी “अय्यो, मादावे!” म्हणून मेरीमातेचा धावा केला. फादरचा चेहरा उतरला, त्यांनी हात पुढे केला. पण तोवर नंदिताने तेच केलं होतं जे ती घरात रोज करायची. लेकीचा टाकलेला घास तिने तोंडात घातला होता.

तो जिभेवर विरघळल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय खाल्लं. आधी हिला, मग मला. अगदी तसंच झालं होतं, तिने ठरवलं होतं त्याच क्रमाने, फक्त तिने कल्पना केली होती तसं नव्हे. चार वर्षं जो आत बसलाय म्हणून ती बाहेर कुढत होती, तो तिच्या पोरीच्या लाळेत भिजून तिच्याच तळहातावर आला होता. म्हणजे त्या सगळ्या दुपारी, ते पुसणं, ते झेलणं, ते उष्टं खाणं चालू होतं तेव्हा तो कुठे दूर होता? तिला रडू फुटलं आणि त्यातच हसूही, आणि दोन्ही आवरायचं तिने सोडून दिलं.

अमलाने नेहमीसारखं बोट आईच्या ओठांवर दाबलं. “संपलं,” ती त्या शांततेत मोठ्याने म्हणाली.

मग खांबाआडून एक म्हातारा, घोगरा आवाज आला, “आमेन.” फादरनी मान लववली आणि पुढच्या मुलाकडे वळले.

मिस्सा सुटल्यावर बायका घोळक्याने कुजबुजल्या. ओस्तीचा अपमान झाला, अशी तक्रार दोघींनी फादरकडे केली. “जिभेवर होती तेवढा वेळ ती मुलीचीच होती,” एवढंच बोलून फादर मोटरसायकलकडे गेले. अमला पुढच्या वेळी गिळेल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. घरी येताना रिक्षात नंदिताने सासूला चार वर्षांची गोष्ट सांगून टाकली.

घरी बिर्याणी वगैरे काही नव्हती. नंदिताने दहीभात कालवला आणि अमलाला घेऊन बसली, तोच लूर्दम्माळ खाटेचा आधार घेत तिच्या शेजारी फरशीवर बसली. तिने नंदिताच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि एक घास उचलला.

“अत्तै, आधी तिला.”

“तिचं झालंय,” लूर्दम्माळ म्हणाली. “तोंड उघड.” आणि घास पुढे करताना तिने आपला सुरकुतलेला डावा हात नंदिताच्या हनुवटीखाली धरला.