चोरघडीतली अंगठी

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मी नवरदेवाने आणलेली अंगठी दीडशे माणसांसमोर गायब केली, आणि इथपर्यंत सगळं अगदी ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

मी सुरतच्या कापड मार्केटात एका घाऊक साडीच्या दुकानात बावीस वर्षं साड्या दाखवतो. म्हणजे गादीवर बसायचं, व्यापारी समोर बसला की एकामागून एक साड्या फेकत उलगडायच्या, आणि तो ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून उठून गेला की सगळ्या पुन्हा घडी घालून ठेवायच्या. या कामात पाठ जाते, गुडघे जातात, पण बोटं अशी तयार होतात की विचारू नका! त्या बोटांच्या जोरावर मी जादू शिकलो. माझा हुकमी प्रयोग अंगठीचा. कोणाची तरी अंगठी रुमालात घ्यायची, रुमाल झटकला की अंगठी नाही. मग टेबलावर मघापासून पडलेली कोरी साडी उलगडायची, आणि अंगठी टपकन खाली! डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत गणपती असो, हळदीकुंकू असो, बारसं असो, हा प्रयोग व्हायचाच. (एका बारशात बाळ किंचाळून रडलं होतं. त्याचा प्रयोगाशी काही संबंध नव्हता.)

पण खरं सुख प्रयोगानंतर असायचं. लोक मागे लागायचे हो! शेजारच्या हंसाबेन जिन्यात अडवायच्या, “कहो ने भाई, केवी रीते कर्युं?” खालचे सुपडूभाऊ भर चौकात रिक्षा थांबवायचे. “भाऊ, आज सांगितल्याशिवाय गाडी हलायची नाही!” मागून हॉर्न बोंबलतायत, आणि मी आत बसून गूढ हसतोय! अशा लोकांना कसं हाताळायचं याचं माझं शास्त्रच ठरलेलं होतं. आधी हसायचं. मग छताकडे बघायचं. मग हळूच म्हणायचं, “बावीस वर्षांची साधना आहे, अशी दोन मिनिटांत कशी सांगू?” आणि कोणी फारच चिवट निघाला तर त्याला जवळ बोलवायचं, कान पुढे करायला लावायचं, आणि कानात सांगायचं, “उद्या.”

गुपित मी सुनंदालासुद्धा, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. तुम्हाला सांगतो, कारण आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. साडीच्या घडीत मी एक पट जास्तीचा मारून ठेवतो. मी त्याला चोरघडी म्हणतो. रुमाल झटकताना अंगठी दोन बोटांत धरून त्या पटात सरकवायची. झालं! एवढ्यावर माझी इज्जत उभी होती.

हर्षदाचं लग्न अमळनेरच्या घरात ठरलं. मुलगा नीलेश, गुणी. त्या घरात कर्ता माणूस म्हणजे नीलेशचे मोठे काका, आबा. गावचे माजी सरपंच, पांढऱ्या टोपीचे, आणि आजवर कोणी त्यांना ‘नाही’ म्हटलेलं नसावं असा चेहरा.

“अहो, आज तरी ते अंगठीचं नको,” सुनंदा हॉलवर निघतानाच म्हणाली.

“आज तर हवंच! वरपक्षाला कळू दे, मुलगी कोणाची आहे ते.”

(कळलं.)

मुहूर्त साडेबाराचा होता. वरपक्षाकडच्या बारा बायकांना आहेर करायचा होता, म्हणून मी बारा साड्या आणल्या होत्या. बाराही एकाच डिझाइनच्या, एकाच डाळिंबी रंगाच्या. सुरतेत राहून आहेराला एकेक साडी निवडत बसतो तो सुरतकर कसला? आम्ही बंडल उचलतो! त्याच बंडलातली तेरावी साडी मी माझ्या प्रयोगासाठी ठेवली, चोरघडी मारून.

पावणेबाराला मी सुरू केलं. नीलेशकडून हर्षदासाठीची अंगठी मागून घेतली, रुमालात गुंडाळली, झटकली. गायब! हॉल टाळ्यांनी दुमदुमला. मी ऐटीत साडीकडे हात नेला, एवढ्यात आवाज आला, “थांबा!”

आबा उठले होते. त्यांनी आधी माझ्या बाह्या वर केल्या. मग खिसे उलटे केले. मग कानामागे बघितलं. शेवटी “तोंड उघडा” म्हणाले आणि बोट घालायच्याच बेतात होते, पण नीलेशच्या वडिलांनी त्यांना मागे ओढलं.

“भाऊ, माले सांगी टाका. कशी गई?”

मी हसलो. छताकडे बघितलं. “बावीस वर्षांची साधना आहे, आबा.”

“साधना राहू द्या घरी!” असं म्हणून त्यांनी माझं मनगट धरलं, मला सरळ बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आणि मग, विश्वास ठेवा, त्या माणसाने मला हात जोडले! “माले एकलाले सांगा. कोणाले सांगाव नही. न सांगाल तर माले आठ दिवस झोप येवाव नही.”

मी तेव्हाच सांगून मोकळा झालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण माजी सरपंच हात जोडून विनवतोय, हे सुख इतक्या लवकर कोण संपवील? मी त्यांना पंधरा मिनिटं झुलवलं. शेवटी जवळ बोलावलं. त्यांनी टोपी काढून कान पुढे केला. मी कुजबुजलो, “लग्नात.”

“मंग मी जेवाव नही!” आबा गरजले आणि फुगून बाहेर आले. मीही मागोमाग हसत हसत बाहेर आलो. आणि बघतो तर काय, टेबल रिकामं! साडी नाही!

हॉलभर नजर फिरवली. वरपक्षाच्या बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी, पिशवीत डाळिंबी साडी. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. कळवलेल्या बायका बारा, आलेल्या तेरा!

सुनंदा आतल्या खोलीत हर्षदाला तयार करत होती. मी दार ठोकलं. “सुनंदा! टेबलावरची साडी कुठाय?”

“दिली! एक कमी पडत होती ना!”

“अगं पण...”

“थांबा हो, पिना लावतेय! मुलीला टोचेल!”

‘अगं, त्यात अंगठी होती!’ एवढं ओरडलो असतो तरी पुरलं असतं. पण मागे कोणाचा तरी श्वास लागला म्हणून वळलो, तर आबा! माझ्या खांद्यावरून मान पुढे काढून, कान देऊन उभे! आता यांच्यासमोर साडीचा आणि अंगठीचा संबंध कसा सांगू? माझ्या मुलीची अंगठी बेपत्ता आहे, आणि मी काय सांभाळतोय, तर चोरघडी! आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी हॉलमध्ये परत गेलो आणि नीलेशच्या आईपुढे वाकलो. “विहीणबाई, जरा त्या साड्या द्याल का परत?”

विहीणबाईंनी पिशवी छातीशी धरली.

“दिलेला आहेर परत मागताय?”

“छे छे! परत नाही हो. घडी चुकलीय. नीट घालून देतो.”

“घडी चुकली म्हणजे? नव्या साडीची घडी चुकते कशी? नेसलेल्या आहेत की काय?”

“अगं बाई!” तिसऱ्या पिशवीमागून कोणी तरी म्हणालं. “नेसलेल्या साड्या दिल्या!”

आली का पंचाईत! बावीस वर्षं कोऱ्या साड्या विकून मेलो, आणि माझ्यावर हा आळ! मी तिथल्या तिथे सतरंजीवर मांडी घातली, पहिली पिशवी ओढली आणि साडी उलगडून फेकली. “बघा! आहे कुठे डाग? आहे कुठे चुणी?” अंगठी नव्हती. दुसरी फेकली. नव्हती. तिसरी, चौथी. हात सुटले ते सुटलेच, आणि हातांबरोबर सवयीने तोंडही सुटलं, “पदर बघा, काठ बघा, धुवा, आपटा, रंग जाणार नाही!”

बायका राग विसरून पुढे सरकल्या.

“यात हिरवा नाही का हो?”

“मला जरा मोठ्या काठाची दाखवा.”

“ही तिची माझ्यापेक्षा चांगली दिसतेय. बदलून द्या!”

“सगळ्या सारख्याच आहेत, ताई!” मी रडकुंडीला येऊन म्हणालो. तेराही साड्या पसरून झाल्या, मी गुडघ्यांवर रांगत त्यांच्यातून हात फिरवला. अंगठी नव्हती. मागच्या रांगांना वाटलं की प्रयोग अजून रंगतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या!

गुरुजी घड्याळ दाखवत उठले. “साडेबारा झाले. अंगठी आणा.”

नीलेशने माझ्याकडे बघितलं. विहीणबाईंनी बघितलं. “आम्ही अंगठी आणली होती,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज थंड होता. “ती तुमच्या हातात दिली होती. पुढचं तुम्ही बघा. नाही तर आम्ही गाडी काढायला सांगतो.”

तेव्हा मात्र मी भानावर आलो. आतल्या खोलीत माझी पोर नटून बसलीय, आणि बाहेर बाप तिचं लग्न मोडतोय, तेही कशापायी, तर ‘उद्या’ म्हणून मिरवायच्या हौसेपायी! मी साड्यांच्या ढिगातच उभा राहिलो आणि हात जोडले.

“आबा, सांगतो. सगळ्यांनाच सांगतो.” आणि सांगितलं. जास्तीचा पट, दोन बोटं, रुमालाचा झटका, सगळं. करूनसुद्धा दाखवलं. बावीस वर्षांची साधना सांगायला पाऊण मिनिट लागलं.

आबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

“इतलंच?”

“एवढंच.”

“आनि मी हात जोडात!” त्यांनी टोपी डोक्यावर आपटली. “बरं, मंग अंगठी कोठे शे?”

“ते मला माहीत नाही.”

हॉल खो खो हसला! “वा, भाऊ! शेवटपर्यंत सांगत नाहीत!” कोणी तरी ओरडलं.

“अहो, आईशप्पथ माहीत नाही! या साडीत ठेवली होती, आता नाहीये! खरंच गायब झालीय!”

आबांचे डोळे पुन्हा चमकले. ते जवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आदराने म्हणाले, “भो, हाई मातर खरी जादू शे. सांगी टाका!”

मी मटकन खाली बसलो. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि हर्षदाला घेऊन सुनंदा बाहेर आली. तिने एकवार साड्यांचा पसारा बघितला, एकवार मला बघितलं. “हे काय हो? गादी मांडलीत का इथे?” आणि अगदी शांतपणे आपल्या पदराची गाठ सोडली. गाठीत अंगठी!

“साडी द्यायच्या आधी काढून घेतली,” ती नीलेशच्या हातात देत म्हणाली. “एक शब्द विचारला असता तर दारातूनच सांगितलं असतं.”

नीलेशचा जीव भांड्यात पडला, विहीणबाई हसल्या, गुरुजींनी अक्षता हातात घेतल्या. मी मात्र आ वासून बसलो होतो.

“तुला... तुला कसं कळलं, अंगठी त्यात आहे?”

“अहो, रोज आरशासमोर उभं राहून सराव करता. मी मागेच पोळ्या लाटत असते. पण आरशात तुम्हाला तुमच्याशिवाय कोणी दिसेल तर ना!”

“म्हणजे इतकी वर्षं...?”

“अमने तो बधी खबर छे, भाई,” पाहुण्यांत बसलेल्या हंसाबेन कौतुकाने म्हणाल्या. म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक! सुपडूभाऊंनी मान हलवली. “चोरघडीच ना भाऊ? आमच्या बारक्या पोरीलापण येते.”

“मग रोज रस्त्यात अडवून विचारत का होतात?”

सुपडूभाऊंनी सुनंदाकडे बघितलं. सुनंदाने दुसरीकडे बघितलं. शेवटी हंसाबेननीच सांगून टाकलं. विचारलं नाही तर मी दोन दिवस घरात बोलत नाही, भाजीला नावं ठेवतो. म्हणून सुनंदाने सोसायटीत पाळ्या लावून दिल्या होत्या! सोमवार-गुरुवार हंसाबेन, बाकी सुपडूभाऊ. आणि मी भर चौकात छताकडे बघत होतो, तेही रिक्षाच्या!

साखरपुडा झाला. अंगठी हर्षदाच्या बोटात बसली आणि मी सगळ्यांसमोर रडलो. (लोकांना वाटलं, मुलीसाठी. निम्मं मुलीसाठीच होतं.)

जेवणाच्या पंगतीत मी मुद्दाम आबांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांची समजूत काढायची होती, आणि खरं सांगायचं तर माझीही. आबा वरणात पोळी बुडवत हळूच म्हणाले, “मी मातर खरंच इचारी राहिंतू, भो.”

अख्ख्या जगात माझं गुपित मनापासून विचारणारा हा एकच माणूस, आणि त्याला मी ‘लग्नात’ म्हणून वाटेला लावलं होतं! मी पान तसंच ठेवलं, त्यांच्याकडे सरकलो, इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “आबा, माझी एक दोरीची जादू आहे. गाठ फुंकरीने सुटते. तिचं गुपित अजून घरातसुद्धा कोणाला माहीत नाही. तुम्हाला एकट्याला सांगतो. आत्ता. फुकट.”

आबांनी बुंदी वाढून घेतली.

“नको भो. जेवू द्या.”

“दोन मिनिटं, आबा,” मी म्हणालो, आणि माझ्या लक्षात आलं तेव्हा माझे हात जोडलेले होते.