टापटीपची नवी केबल

माझ्या साडूला सगळे टापटीप म्हणतात. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. जुना टॉवेल विरल्याशिवाय नवा काढणार नाही, आणि त्यांच्या रिमोटवरचं प्लास्टिक लग्नापासून तसंच आहे. धंदा आमचा एकच, लोकांची चित्रीकरणं संगणकावर जोडून द्यायची. दुकानंही एकाच गल्लीत. तो माझ्याच हाताखाली शिकला, हे मी भेटेल त्याला सांगतो.

कॅमेरावाल्या बाई माझं जुनं गिऱ्हाईक. शाळांची नाटकं, नाचाचे कार्यक्रम टिपणाऱ्या. त्यांनी नवी वेगवान डिस्क घेतली आणि कटकट सुरू झाली. "तुमच्या संगणकावर नुसतं उतरवून घ्यायलाच दोन तास जातात हो."

"नव्याचे नऊ दिवस, बाई," मी म्हणालो. "हे दर दोन वर्षांनी नवा वेग काढणार. आपण काय दर वेळी मशीन बदलायचं?"

मी हे पटवत होतो तोवर टापटीपने नव्या वेगाचं मशीन आणलंसुद्धा, आणि बाई तिकडे गेल्या. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू. बायको म्हणाली, "अहो, एकदा पाहून तरी या. आपलाच माणूस आहे." आपला होता म्हणूनच जास्त दुखत होतं.

गेलो. टापटीप तोंड पाडून बसला होता. पडद्यावर आकडा होता, उतरवायला अजून एक तास पन्नास मिनिटं. बाई शेजारी घड्याळ बघत होत्या.

"दादा, जरा बघा ना. मशीनच असं आहे की मलाच जमत नाहीये?"

मी टेबलामागे वाकलो आणि एका नजरेत कळलं. त्याने डिस्कला फोन चार्ज करायची जुनी पांढरी केबल लावली होती. तोंड दोन्हींचं सारखंच, त्यामुळे बसते बरोबर, पण तो वेग तिच्यातून जात नाही. मशीनसोबतची जाड काळी केबल फळीवरच्या खोक्यात होती, प्लास्टिकसकट.

"ती का नाही लावलीस?"

"जुनी चालतेय की. नवी कशाला खराब करायची?"

एका वाक्याचं काम होतं. पण बाई माझ्याकडे बघत होत्या.

"मी आधीच म्हणालो होतो," मी हात झटकले. "या नव्या वेगात काही दम नाही."

पुढच्या आठवड्यात बाई माझ्याकडे परत आल्या. त्यांच्या मागोमाग त्याची आणखी दोन गिऱ्हाइकं आली. मला झोप छान लागायची. चार महिन्यांनी टापटीपने दुकान बंद केलं आणि एका दवाखान्यात जुने कागद स्कॅन करायची नोकरी धरली. जाण्याआधी मशीन माझ्याकडे घेऊन आला, मूळ खोक्यात, वर पांढरी केबल गुंडाळून ठेवलेली.

"तुमचंच खरं, दादा. मी उगाच नव्याच्या नादी लागलो. राहू दे तुमच्याकडे."

तो गेल्यावर मी काळ्या केबलचं प्लास्टिक फाडलं. बाईंची अख्खी डिस्क चार मिनिटांत उतरली. तेव्हा त्याच्यामागे धावायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की ही त्याने तेव्हाच लावली असती तर त्याने मला कधीच मागे टाकलं असतं. दुकान बुडालेल्या माणसावरही मी जळत होतो.

आता बाई म्हणतात, या वयात काय वेग आलाय तुमच्या कामाला. मी हसतो.

टापटीप सुट्टीच्या दिवशी येतो. दारात चपला काढतो, जोडीने नीट लावतो. तेवढ्यात मी काळी केबल काढून त्याची पांढरी लावतो.

"किती वेळ लागतोय?" तो विचारतो.

"दोन तास."

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं," असं म्हणून तो निवांत बसतो. मग ते दोन तास मलाही त्याच्यासोबत बसावं लागतं.