वळचणीतले हे

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत मी ज्या पोटमाळ्यावर भाड्याने राहतो, तो दाखवताना घरमालकीण काकूंनी एकच अट घातली होती. तिथले छत दोन्ही बाजूंनी उतरत येते आणि जेथे माणसाला ताठ उभे राहता येत नाही, तेथे कमरेपेक्षा ठेंगणी भिंत आहे. त्या भिंतीत एक लहान दार आहे आणि त्यामागे छपराची वळचण. काकू म्हणाल्या, "ह्या दाराला हात लावायचा नाही. आत हे असतात."

काकूंचे यजमान त्यापूर्वीच निवर्तले होते. खाली हॉलमध्ये त्यांचा हार घातलेला फोटो मी पाहिला होता. माझी शाळा आठवीत सुटली हे खरे, परंतु लोकांच्या तोंडची वाक्ये ऐकून ती कागदावर नीट बसवण्यात माझे आयुष्य गेले आहे. तिकडे तहसील कचेरीच्या आवारात, आणि बहिणीने इकडे बोलावल्यापासून एका किराणा दुकानाच्या मागच्या टेबलावर, मी आपल्या लोकांचे अर्ज लिहीत आलो. माझ्या मजकुरात काना-मात्रा बदलण्याची पाळी सहसा कोणावर येत नाही. तेव्हा काकूंचे वाक्यही मी मनातल्या मनात दुरुस्त केले, "आत ह्यांचे सामान असते" असे वाचले आणि अट मान्य केली.

थंडी पडली तसे छत बदलू लागले. उतारावर काळपट बुरशी धरली. ती सरसकट नव्हती. वाशांच्या मधल्या जागा काळवंडल्या आणि वासे जेथे होते तेथे फिकट रेघा उरल्या. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्या बरगड्यांसारख्या दिसत आणि आपण कोणाच्या तरी पोटात निजलो आहोत असे वाटे. बुरशी पुसून काढली तरी त्या परत उमटत. दुकानातून परतलो की काही वेळा लहान दारामागे थेंब पडण्याचा आवाज येई. बाहेर बर्फ दगडासारखे गोठलेले, वितळण्याचे नाव नाही, आणि आत टप, टप. थोड्या वेळाने तो आवाज आपोआप थांबे. ती शांतता मला अधिक नकोशी होई.

काकूंचा खोकला त्या हिवाळ्यात वाढला. पश्चिम किनाऱ्यावरच्या उबदार क्युपर्टिनोहून त्यांची मुलगी आली. ती जन्माने इथलीच, पेशाने दंतवैद्य. तिने काँट्रॅक्टर आणून छत दाखवले. छताच्या आत काहीच भरलेले नाही, खोलीतली उबदार, दमट हवा गार उताराला लागते, तिचे पाणी होते आणि त्यावर बुरशी जगते, असे त्याने सांगितले. उपाय इन्सुलेशनचा, म्हणजे छतात ऊब धरणारा थर भरण्याचा. मात्र त्याआधी वळचण रिकामी हवी होती. मुलीने आईला स्पष्टच सांगितले की एकतर वळचण रिकामी करून काम होईल, नाहीतर घर विकून तिने क्युपर्टिनोला यायचे. डॉक्टरांनीही ह्या हवेत राहू नका म्हटले होते. काकूंनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. जिन्यात गाठून मुलगी मला म्हणाली, "काका, तुम्ही तिला कन्व्हिन्स करा ना. ती माझं लिसनच करत नाही."

दुसऱ्या दिवशी, मुलगी बाजारात गेलेली असताना, काकू स्वतःच वर आल्या. मी तेथे राहतो, मला ओलीचा काही त्रास नाही आणि कामाची गरज नाही, असे मी मुलीला इंग्रजीत लिहून द्यावे अशी त्यांची विनंती होती. माझ्या लिहिण्याला वजन आहे, असेही त्या म्हणाल्या आणि ते चुकीचे नव्हते. परंतु जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी तिच्याविषयी एक ओळही लिहीत नाही. हा माझा कचेरीपासूनचा शिरस्ता आहे आणि तो मी त्यांना सांगितला.

त्या लहान दारापाशी गेल्या. मग, पुरुषमाणूस बसलेल्या खोलीत शिरण्यापूर्वी बायका खाकरतात तशा त्या खाकरल्या आणि त्यांनी कडी काढली.

आतून गार वाफ आली. छपरातून आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरे दहिवर जमले होते. त्यांच्या खाली, दाराकडे तोंड करून, एक माणूस हात पसरून बसला होता.

तो शर्ट होता. त्याच्यामागे आणखी शर्ट, पायजमे, एक कोट. सारे धुऊन ओले टांगलेले आणि गोठून फळीसारखे ताठ झालेले. मी दुकानात असताना काकू रोज वर येत होत्या हे मला तेव्हा कळले. खोलीतली ऊब आत शिरली तसा पुढच्या शर्टाचा एक हात सैल पडला आणि सावकाश, अगदी सावकाश, खाली आला.

"वास येतो म्हणून धुते," काकू म्हणाल्या. "इथेच वाळत घालते. की पुन्हा वास येतो."

"हे ओले आहेत तोवर छत वाळायचं नाही, काकू." मी 'हे' म्हणालो, आणि ते कोणाविषयी म्हणालो हे माझे मलाच सांगता येईना.

त्यांनी मागितलेला मजकूर मी लिहिला नाही. संध्याकाळी खाली मुलीने टेबलावर काँट्रॅक्टरचा आराखडा पसरला. त्यात ठेंगण्या भिंतीला आणि लहान दाराला आतून इन्सुलेशन होते. वळचण त्याच्या पलीकडे, गारठ्यात, तशीच राहणार होती.

काकूंनी रेघेवर बोट ठेवले. "म्हणजे हे बाहेर राहणार?"

"आई, इट्स जस्ट स्टोरेज."

"थंडीत बाहेर राहणार का, एवढंच विचारते."

मी आराखडा माझ्याकडे ओढला आणि समासात लिहिले की इन्सुलेशन भिंतीपाशी न थांबता वाशांमधून थेट वळचणीच्या टोकापर्यंत न्यावे, छपराच्या फळ्यांखाली हवा खेळण्यास फट ठेवावी, जेणेकरून सदर वळचण घराच्या आत येईल. मुलगी हसली. "काका, यू आर टू मच." मग तिने हळूच विचारले, "बाबांचा ब्लू शर्ट आहे का आत?" काकूंनी मान डोलावली. मुलीने आराखडा परत आपल्याकडे ओढला आणि खर्च वाढला तरी तसेच करू, असे ती म्हणाली. मग काकूही राजी झाल्या. काम होईपर्यंत कपडे काकूंच्या खोलीत, हीटरजवळ दोरीवर, राहिले आणि तिथे ते पुरते वाळले.

ह्या हिवाळ्यात छतावर बरगड्या उमटल्या नाहीत. काकूंचा खोकला निवळला आणि त्या त्यांच्याच घरात आहेत. कपडे वळचणीत परत गेले आहेत, कोरडे. लहान दाराला हात लावला तर ते कोमट लागते, निजलेल्या माणसाच्या पाठीसारखे.

परवा काँट्रॅक्टरचा माणूस काम तपासायला आला. त्याने कडीला हात घातला तेव्हा मी त्याला थांबवले आणि खाकरलो. आत कोणी आहे का, असे त्याने विचारले. काकूंचे जुने वाक्य माझ्या ओठांवर आले. ह्या वेळी मी ते दुरुस्त केले नाही.